पार्मा, कोमो की व्हेनेझिया: कोणाची जर्सी घ्यावी?

युव्हेंटस, मिलान आणि इंटर सोडून इटलीतल्या एखाद्या वेगळ्या फुटबॉल संघाची जर्सी घ्यायची म्हटलं, की 2024 मध्ये सेरी बी या दुसऱ्या श्रेणीतून सेरी ए या पहिल्या श्रेणीत चढलेले तीन संघ हमखास समोर येतात: पार्मा, कोमो आणि व्हेनेझिया, म्हणजे व्हेनिसचा संघ. माझं मत सुरुवातीलाच सांगते. इटलीत जर्सीचे रंग कंपनीच्या किंवा मालकाच्या नव्हे, तर गॅलरीत उभ्या राहणाऱ्या माणसांच्या मालकीचे मानले जातात. त्यामुळे जर्सी निवडताना त्या रंगांवरून तिथे काय वाद झाला, हे आधी पाहावं.

तिघांची बढतीची वाटही वेगळी होती. सेरी बीमध्ये 38 सामन्यांनंतर पहिले दोन संघ थेट वर जातात आणि उरलेली एक जागा प्लेऑफमधून, म्हणजे त्यांच्या खालच्या संघांच्या बाद फेरीतून ठरते. पार्माने 1 मेला बारी शहरात 1-1 अशी बरोबरी साधून जागा पक्की केली. कोमोने 10 मेला कोझेन्झाशी 1-1 बरोबरी करून दुसरा क्रमांक राखला. व्हेनेझियाला मात्र 2 जूनपर्यंत झगडावं लागलं. क्रेमोनेझेविरुद्ध अंतिम फेरीचा पहिला सामना गोलशून्य सुटला आणि घरच्या मैदानावर क्रिस्तियन गित्कियेरच्या एकमेव गोलने काम फत्ते झालं.

पार्माची घरची जर्सी पांढरी, छातीवर मोठा काळा क्रूस. पण आपल्याकडे नव्वदच्या दशकात फुटबॉल पाहू लागलेल्या कोणालाही विचारा, त्यांना आठवतात ते पिवळे-निळे आडवे पट्टे. 12 मे 1999 ला मॉस्कोत मार्से या फ्रेंच क्लबला 3-0 हरवून पार्माने यूएफा कप ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली, ती याच पट्ट्यांत. बुफॉन, थुराम, कन्नावारो, व्हेरॉन, क्रेस्पो असे खेळाडू एकाच संघात होते. त्या रात्रीचा दुसरा गोल पाओलो व्हानोलीचा होता. पंचवीस वर्षांनी व्हेनेझियाला वर नेणारा प्रशिक्षकही हाच व्हानोली.

तर वाद असा: खरी पार्मा क्रूसाची की पट्ट्यांची? पट्ट्यांच्या बाजूला वैभव आहे, करंडक आहेत, आणि इतिहासही आहे. पिवळा-निळा हे शहराचेच रंग. 1913 मध्ये संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीला त्याच्या नावाने जो क्लब निघाला, तोही हेच रंग घालायचा. त्याच वर्षी पुढे पार्मा हे नाव आलं आणि पांढऱ्यावर काळा क्रूस आला. म्हणजे कोणताच पक्ष खोटा नाही. तरीही मी क्रूसाच्या बाजूने आहे, त्याचं कारण पडत्या काळात आहे. पट्ट्यांच्या काळात क्लबमागे पार्मालात ही दुधाची कंपनी होती. डिसेंबर 2003 मध्ये तिचे खोटे हिशेब बाहेर आले आणि ती कोसळली. पुढच्या वर्षी क्लब नव्याने उभा राहिला तेव्हा घरच्या जर्सीवर क्रूस परत आला. 2015 मध्ये क्लब पुन्हा दिवाळखोरीत गेला आणि थेट चौथ्या श्रेणीत, सेरी डीमध्ये फेकला गेला. तिथून सलग तीन वर्षांत तीन बढत्या मिळवून 2018 ला तो सेरी एमध्ये परतला. इटलीत याआधी हे कोणालाच जमलं नव्हतं. कर्णधार अलेस्सांद्रो लुकारेल्ली सेरी एतून सेरी डीत संघाबरोबर उतरला आणि पुन्हा वरपर्यंत संघाबरोबर चढला. एवढ्या निष्ठेचं उदाहरण मला या तिन्ही क्लबांच्या इतिहासात दुसरं सापडत नाही. ज्यांना 1999 ची आठवण हवी, त्यांनी पट्टे जरूर घ्यावेत. मात्र त्या मोसमाच्या मूळ जर्सीच्या नावाखाली बनावट माल फार खपतो. शिलाई, आतलं लेबल आणि विकणारा नीट पारखून घ्या.

व्हेनेझियाची जर्सी दिसायला तिघांत सर्वांत देखणी, यात मला शंका नाही. 2021 च्या बढतीनंतर कप्पा कंपनीने बनवलेली काळी जर्सी, तिच्यावरचे सोनेरी तारे आणि प्रायोजकाऐवजी छातीवर व्हेनिस शहराचं नाव, हे पाहून फुटबॉल कधी न पाहिलेल्या लोकांनीही ती मागवली. 2024-25 मध्ये तर जर्सीचं काम गायक ड्रेकच्या नायकेबरोबरच्या नोक्टा या लेबलकडे गेलं. इथेच खरेदी करणाऱ्याने थांबून विचार करावा.

या क्लबचे रंग तीन आहेत: नारिंगी, काळा, हिरवा. हिरवा आणि काळा हे जुन्या व्हेनेझियाचे रंग. नारिंगी मेस्त्रेचा. पाण्यातल्या व्हेनिसपासून पुलाने जोडलेलं मुख्य भूमीवरचं हे गाव महापालिकेच्या हिशेबात व्हेनिसचाच भाग असलं, तरी तिथला माणूस स्वतःला वेगळा समजतो. आज या महापालिकेतले बहुतेक लोक राहतात तेही पाण्यात नाही, मुख्य भूमीवर. 1987 मध्ये उद्योगपती माउरिझिओ झाम्पारिनीने दोन्ही क्लब एकत्र केले. हिरव्या-काळ्याच्या जुन्या चाहत्यांना नारिंगी लादल्यासारखं वाटलं, आणि मेस्त्रेच्या लोकांना आपला क्लबच गिळला गेल्यासारखं. पुढे मेस्त्रेने स्वतःचा वेगळा क्लब पुन्हा उभा केला, यावरून ती जखम किती खोल होती ते कळतं. तरी आज पेंझो मैदानावर तिन्ही रंगांचे मफलर एकत्र उंचावले जातात. सांत एलेना बेटावरचं हे मैदान 1913 चं आहे आणि प्रेक्षक तिथे वापोरेत्तोने, म्हणजे व्हेनिसच्या प्रवासी बोटीने येतात. म्हणून माझा सल्ला असा: व्हेनेझिया घेणार असाल, तर नारिंगी आणि हिरवा दोन्ही ठळक दिसतील अशीच घ्या. नुसती काळी-सोनेरी जर्सी सुंदर आहे, पण तिच्यात मेस्त्रे हरवतं, आणि मेस्त्रेशिवाय हा क्लब अर्धाच राहतो.

कोमोबद्दल कमी लिहिते, कारण रंगांचा वाद तिथे फारसा नाही. जर्सी निळी, सरोवरासारखी. सिनिगालिया मैदान तर अगदी सरोवराच्या काठावर आहे. कोमो हे पिढ्यानपिढ्या रेशमाचं शहर. 2024 मध्ये 21 वर्षांनी सेरी एमध्ये परतलेल्या क्लबकडे आता इंडोनेशियातल्या हार्तोनो कुटुंबाचा पैसा आहे, जर्सी आदिदासची आहे आणि प्रशिक्षक सेस्क फाब्रेगास आहे. मला काळजी वाटते ती निराळीच. सरोवर पाहायला आलेल्या पाहुण्यांसाठी जर्सी बनत गेली, तर 2017 मध्ये सेरी डीत कोसळलेल्या संघाला पाहायला येणाऱ्या स्थानिक माणसाचं काय? म्हणून कोमो घ्यायची तर साधी घरची निळी घ्यावी. तिसरी, खास मर्यादित आवृत्तीची वगैरे सोडून द्यावी.

जर्सी घालून सामनेही पाहणार असाल, तर 2024-25 मध्ये काय झालं तेही लक्षात घ्या. कोमो दहावा, पार्मा सोळावा, आणि व्हेनेझिया एकोणिसावा येऊन पुन्हा सेरी बीमध्ये. सुंदर खेळ हवा असेल तर कोमो पाहावा, निको पाझसारखा तरुण खेळाडू तिथेच बहरला. इटलीतला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला दिसतो, पण रात्री पावणेनऊचा मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता सुरू होतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: खेळाडूंच्या मापाची जर्सी अंगाला घट्ट बसते. आपल्या दमट हवेत चाहत्यांसाठीची सैल आवृत्तीच बरी, आणि ती स्वस्तही असते.

एकच जर्सी घेता येणार असेल तर मी पार्माची पांढरी, क्रूसवाली घ्यायला सांगेन. दुसरीला जागा असेल तर तिरंगी व्हेनेझिया. पार्माच्या पाठीवर नाव छापायचं झालं तर लुकारेल्ली आणि 6 छापा. क्लबने तो क्रमांक त्याच्या सन्मानार्थ निवृत्त केला आहे, त्यामुळे संघात तो आता दुसऱ्या कोणाच्या पाठीवर दिसणार नाही.