पारी, नागपूरच्या टेबलावरून: कोण लिहितं, कोण थांबवतं, कोण मराठीत आणतं

पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘पारी’, रोजच्या बातम्यांसाठी उघडलीत तर पाच मिनिटांत बंद कराल. मनपाची करवाढ, सीताबर्डीची वाहतूक, उन्हाळ्यातली पाणीकपात यासाठी ती नाहीच. तिथे आहेत गावं, आणि विदर्भातल्या काही गावांबद्दल तर इतक्या बारकाईने लिहिलेलं आहे की नागपुरात बसून तेवढं दुसरीकडे एकत्र मिळणं कठीण. वाचायला पैसे लागत नाहीत आणि मध्ये जाहिरात येत नाही. पण देणगी द्यायची की नाही हे ठरवायचं असेल तर मजकूर आवडला एवढं पुरत नाही. तो कोणाच्या हातून येतो ते बघावं लागतं. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या हातांचं आहे.

संस्थापक पी. साईनाथ. विदर्भाला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ‘द हिंदू’चे ग्रामीण विभागाचे संपादक म्हणून त्यांनी २०१४ पर्यंत काम केलं, आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला पारी सुरू झाली. कायद्याच्या भाषेत ती मुंबईच्या काउंटरमीडिया ट्रस्टची आहे. हे नाव लक्षात ठेवा, पैशांच्या भागात ते परत येणार आहे. संस्थेने चालवलेलं पत्र ही नागपूरला काही नवलाई नाही. ‘हितवाद’ १९११ मध्ये इथेच निघाला तो गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचं पत्र म्हणून.

नागपूरकरांनी वाचायला सुरुवात करावी ती जयदीप हर्डीकर यांच्या वृत्तांतांपासून. ते नागपुरातच राहतात, आणि त्याचा फरक कळतो. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधांवरची त्यांची मालिका घ्या. ‘कीटकनाशकामुळे मृत्यू’ ही बातमी तेव्हा सगळ्यांनीच छापली. या मालिकेत पुढचे प्रश्न आहेत. त्या वर्षी कपाशी किती उंच आणि किती दाट झाली होती? पंप हाताचा होता की बॅटरीवरचा? औषधं किती प्रकारची आणि कशात मिसळली? फवारणारा मालक होता की रोजंदारीवरचा मजूर? माणसाच्या उंचीच्या पऱ्हाटीत शिरून फवारलं की तुषार पायाशी पडत नाहीत, तोंडावर येतात. बॅटरीच्या पंपाने कमी वेळात जास्त वावर (शेत) फवारून होतं, म्हणजे त्याच दिवसात अंगावर औषधही जास्त बसतं. कारणांची ही साखळी लागते तेव्हा दोष कोणा एकट्या ‘अडाणी शेतकऱ्या’वर ढकलता येत नाही. दवाखान्याच्या दारात उभं राहून ही साखळी सापडत नाही. त्यासाठी वावरात जावं लागतं, आणि बहुधा एकापेक्षा जास्त वेळा.

राळेगाव-केळापूर पट्ट्यातल्या टी-१ वाघिणीवरचं लेखनही त्याच जातीचं. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घातली गेली. तिलाच ‘अवनी’ म्हणत, आणि शहरांत तेव्हा ‘अवनी’साठी मेणबत्त्या लागल्या. त्या वर्षभरात संध्याकाळी जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला, कोण जात होतं, गुरं कोण सोडत होतं आणि वेचणीचं काय झालं, हे समजायचं असेल तर ते गावातूनच लिहावं लागतं. दोन्ही बाजूंचा गलका बाजूला ठेवून वाचावेत असे ते वृत्तांत आहेत.

कोणताही वृत्तांत तपासायची एक सोपी पद्धत आहे. पहिल्या माणसाचं नाव येतं तिथे थांबायचं आणि पाहायचं: वय आहे का, गाव आणि तालुका आहे का, किती एकर, कोरडवाहू की ओलीत, कर्ज असेल तर बँकेचं की सावकाराचं. यातल्या चार गोष्टी असतील तर वार्ताहर त्या घरात बसला होता असं समजायला हरकत नाही. नुसतं ‘एका शेतकऱ्याने सांगितलं’ असेल तर पुढचं जपून वाचावं. पारी या कसोटीत बहुतेक वेळा उतरते. त्याची किंमत मात्र लांबीत मोजावी लागते. मोबाइलवर बसच्या प्रवासात संपतील असे हे वृत्तांत नाहीत.

आता श्रेयनामावली. मजकुराखाली लेखकाची ओळख असते, आणि मराठी पानावर अनुवादकाचीही. संपादकाचं नाव असेल तेही वाचा, सोडू नका. ना-नफा बातमीघरात सगळ्यात महागडी आणि सगळ्यात कमी दिसणारी जागा डेस्कची, म्हणजे आलेला मजकूर तपासणाऱ्या संपादकाची असते. वार्ताहर जे आणतो त्यातलं ‘हे अजून पक्कं नाही, थांबव’ असं म्हणण्याचा अधिकार एका माणसाकडे असावा लागतो, आणि तो माणूस देणगीदार आणणाऱ्या माणसापेक्षा वेगळा असावा लागतो. छोट्या संस्थांचं घोडं इथेच अडतं. संस्थापक हाच संपादक, हाच निधी गोळा करणारा, हाच मुख्य लेखक. मग त्याचा स्वतःचा लेख थांबवणार कोण? पारीत ही कामं वेगवेगळ्या नावांवर दिसतात, ही तिची मोठी जमेची बाजू.

मराठी विभागाचं काम पुण्याच्या मेधा काळे पाहत आल्या आहेत. अनुवाद वाचनीय असतो. सरकारी परिपत्रकाचा वास त्याला येत नाही, आणि हे सोपं नाही. तरीही विदर्भातल्या वाचकाची तक्रार इथेच आहे. समजा घाटंजीकडचा मजूर म्हणाला, ‘फवारा मारता मारता डोयापुढं अंधारीच आली मले.’ वार्ताहराने ते इंग्रजीत लिहिलं. इंग्रजीतून मराठीत येताना ते झालं, ‘फवारणी करताना माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली.’ अर्थ शाबूत राहिला, माणूस मात्र पुण्याला राहायला गेला. अनुवादकाला दोष देता येत नाही. समोर फक्त इंग्रजी असेल तर त्यातून वऱ्हाडी रचणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं. उपाय वार्ताहराच्या पातळीवरच आहे: अवतरणचिन्हांत जाणारी वाक्यं मूळ बोलीत वहीत टिपायची किंवा ध्वनिमुद्रणातून उतरवायची आणि मजकुराबरोबर अनुवादकाकडे पाठवायची. लांब वृत्तांतातही अशी वाक्यं दहा-पंधरापेक्षा जास्त नसतात, म्हणजे काम तासाभराचं. भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली असेल तर त्याची गरज आणखी जास्त.

गावांच्या नावांचंही तसंच. रोमन लिपीतून परत मराठीत येताना राळेगावचं ‘रालेगाव’ आणि केळापूरचं ‘केलापूर’ व्हायला वेळ लागत नाही. इंग्रजीतून मराठी करणाऱ्या कुठल्याही संस्थेने तालुक्यांची आणि मोठ्या गावांची यादी एकदा देवनागरीत करून ठेवली की हा प्रश्न कायमचा सुटतो. असं चुकीचं नाव कुठेही दिसलं तर कळवा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल वृत्तप्रकाशकाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तक्रारीत पानाचा दुवा, चुकीचं वाक्य जसंच्या तसं, बरोबर काय आणि त्याचा पुरावा, एवढंच लिहा. ‘तुमचं सगळंच एकतर्फी आहे’ अशा तक्रारीचं कोणी काही करू शकत नाही.

शिक्षकांसाठी आणि छोट्या अंकांसाठी पारी सोन्यासारखी आहे, पण परवान्याची अट वाचून. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली आहे त्यात तीन गोष्टी येतात: श्रेय द्यायचं, व्यावसायिक वापर करायचा नाही, बदल करायचा नाही. वर्गात वाचायला देणं, महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर पूर्ण लेख लावणं चालतं. अर्धा लेख कापून नवं शीर्षक देणं चालत नाही. पानापानावर जाहिराती विकलेल्या दिवाळी अंकात तो घालायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. ‘इंटरनेटवर फुकट होतं’ हे उत्तर नाही. छायाचित्र तिरकं कापून पोस्टर करणं हाही बदलच. ‘जात्यावरच्या ओव्या’ हा हेमा राईरकर आणि गी पोइतवँ यांच्या कामातून उभा राहिलेला लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह पारीवर आहे. मराठी शिकवणाऱ्याने एक तासिका तरी त्यावर खर्च करावी.

पैसे. देणगीची पावती ‘पारी’ या नावाने येईल अशी वाट बघू नका, ती ट्रस्टच्या नावाने असते. कुठल्याही ना-नफा बातमीघराला पैसे देताना आधी ८०जी नोंदणीचा (देणाऱ्याला आयकरात वजावट मिळते ती याच नोंदणीमुळे) क्रमांक आणि तिची मुदत विचारा, कारण ही नोंदणी कायमची नसते. पॅन क्रमांक न चुकता द्या. वजावटीसाठी नुसती पावती पुरत नाही, संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरल्यावर निघणारं प्रमाणपत्र लागतं, आणि पॅनमधला एक आकडा चुकला की तुमची देणगी तुमच्या नावावर दिसत नाही. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीत धरली जात नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०जीचा फायदा नाहीच. मग द्यायचे ते पटलं म्हणून द्यायचे.

परदेशातल्या भाच्याला ‘तू पण दे’ म्हणण्याआधी थांबा. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० चं तिसरं कलम नोंदणीकृत वृत्तपत्रांच्या वार्ताहर, संपादक, मालक, प्रकाशकांना आणि दृक्-श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्थांना परकीय पैसा घेऊ देत नाही. भाच्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर गोष्ट वेगळी, कारण भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परकीय योगदानात मोडत नाही. संस्था पासपोर्टची प्रत मागत असेल तर चिडू नका. न मागणाऱ्या संस्थेबद्दल मात्र जरा शंका घ्या.

आणि आता पारीत जे नाही ते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. गाळ निघाल्यावर जे प्रश्न उरले त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायला पारी येणार नाही, आणि तिने यावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्यासाठी शहराच्या मापाचं, वर्गणीवर चालणारं बातमीघर लागेल. ते उभं करू पाहणारे लोक बहुधा कॅमेरा आणि संकेतस्थळापासून सुरुवात करतात. सुरुवात माणसांपासून करावी: एक वार्ताहर, एक डेस्क सांभाळणारा, आठवड्यातून दोन दिवस येणारा हिशेबनीस, आणि माहिती अधिकार सांभाळणारा एक.

हा शेवटचा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. खर्च म्हणाल तर नगण्य. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, पहिल्या अपिलाला २०, दुसऱ्या अपिलाला २०, आणि साध्या प्रतीला पानामागे २ रुपये. काम मात्र चिकाटीचं. अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. ‘पूर का आला’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण कायद्याने मिळतात ते अभिलेख, खुलासे नाहीत. ‘अंबाझरी तलावाच्या सांडव्याच्या पाहणीचे अमुक ते अमुक तारखेचे अहवाल’ असं मागावं लागतं. नागपुरात तर आधी टेबल शोधावं लागतं: मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की जलसंपदा. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज त्यांनी ५ दिवसांत योग्य जागी पाठवायला हवा, पण त्यावर विसंबून राहू नये. तीन कार्यालयांना तीन अर्ज टाकले तर लागतात ३० रुपये आणि वाचतो महिना. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिल्या अपिलासाठी ३० दिवस, आणि पहिल्या अपिलाचा निर्णय आल्यावर किंवा यायला हवा होता त्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. यातली एक तारीख हुकली की उशिराची कारणं लिहीत बसावं लागतं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून नवा अर्ज. म्हणून ही जागा ‘जमेल तेव्हा येईन’ म्हणणाऱ्या स्वयंसेवकाला देऊ नये. तारखांची वही सांभाळणारा पगारी माणूसच लागतो, आणि त्याचा पगार कॅमेऱ्याच्या आधी ठरवावा.