स्टिंग रेसोबत शॉव्हेलनोज: लिमा, टायगर की कोणताच नको?

गोड्या पाण्यातला रे (पाकटासारखा चपटा मासा) आणि फावड्यासारख्या तोंडाचा शॉव्हेलनोज कॅटफिश एका टाकीत ठेवावेत का? दोघंही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले. दोघांनाही २६ ते २८ अंशांचं पाणी मानवतं, दोघंही मांसाहारी, दोघंही तळाशी राहणारे. कागदावर छत्तीस गुण जुळतात. संसार मोडतो तो जेवणावरून.

आधी कोणता शॉव्हेलनोज म्हणताय, लिमा की टायगर, ते बघा, कारण दुकानात दोन्ही पिल्लं बोटभर लांबीचीच दिसतात. लिमा सडपातळ असतो, नाकापासून शेपटीपर्यंत एक आडवा काळा पट्टा, वरचा जबडा खालच्यापेक्षा पुढे आलेला. टाकीत तो साधारण ३५-४० सेंटिमीटरवर थांबतो. टायगरच्या अंगावर वाघासारखे उभे पट्टे असतात आणि तो मीटरभर होतो, तोही झपाट्याने. बोटभर पिल्लू बघून "बघू पुढचं पुढे" म्हणणाऱ्यांची पंचाईत टायगरच करतो.

आता जेवण. रेचं तोंड पोटाखाली आणि डोळे पाठीवर, त्यामुळे समोरचा घास त्याला तोंडाजवळ नेताना दिसतच नाही. वासावर तो वाळूवरून सरकत येतो, कोळंबीच्या तुकड्यावर अंग पसरतो आणि कडा वाळूला दाबून बसतो. मग डोळ्यांमागच्या छिद्रांची उघडझाप तेवढी दिसत राहते. हे सगळं निवांत चालतं. टायगरच्या मिशांना तोच वास लागला की तो सुसाट येतो आणि त्या अख्ख्या जागेवर तोंड मारतो. कोळंबीबरोबर रेची कडही तोंडात येते. कडेला अर्धगोल चावे दिसले तर मारामारी झाली असं समजू नका, ती जेवणाची घाई आहे. पण जखम ती जखमच. रे लहान असेल तर टायगर त्याला गिळायलाही बघतो, आणि शेपटीचा काटा घशात रुतला तर दोन्ही मासे जातात.

लिमा एवढा आडदांड नाही. दिवसा तो उभ्या लाकडाशेजारी डोकं खाली करून काठीसारखा तरंगत राहतो आणि दिवा मालवल्यावर शिकारीला निघतो. म्हणून रेला उजेडात वाढायचं, लिमाला रात्री दुसऱ्या टोकाला. टायगरच्या बाबतीत ही युक्ती फार दिवस चालत नाही, आणि भुकेचं गणितही जमत नाही. वाढत्या रेला दिवसातून दोन-तीनदा लागतं, मोठ्या कॅटफिशला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. रेच्या वेळापत्रकाने वाढलंत तर कॅटफिश ढोल होतो, कॅटफिशच्या वेळापत्रकाने वाढलंत तर रेच्या पाठीत खड्डे दिसू लागतात. नुसत्या कोळंबीवर मात्र दोघांनाही ठेवू नका. गांडुळं आणि बुडणाऱ्या गोळ्यांची सवय लावा. स्वस्त मिळाला म्हणून बांगडा टाकलात तर पाण्यावर तेलाचा तवंग येतो.

जागा: मोटोरो जातीच्या रेची चकती, म्हणजे शेपटी सोडून गोल अंग, टाकीत ४५-५० सेंटिमीटरपर्यंत जाते. मोठ्या जोडीला ८ बाय ४ फुटांचा तळ हवा, उंची २ फूट पुरते. हे झालं सुमारे १८०० लिटर, म्हणजे पावणेदोन टनांच्या वर वजन, काच वेगळी. माडीवर याचा विचारच नको. पडवीत सिमेंटची टाकी बांधून समोर काच बसवणं कोकणातल्या घरांना जास्त सोयीचं. टायगरला एवढी टाकीही शेवटी तोकडीच.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक फायदा आणि दोन धोके. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, ते दोघांनाही आवडतं. पण त्यात क्षार कमी, त्यामुळे फिल्टरमधल्या जिवाणूंच्या कामाने सामू (पीएच) हळूहळू घसरत जातो. सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम थंडावतं आणि अमोनिया साठतो, तोही कमी विषारी रूपात, म्हणून मासे ठीक दिसतात. अशात कोणी घाबरून जास्त सामूचं पाणी एकदम भरलं की तोच अमोनिया विषारी होतो. पाणी थोडं थोडं बदला आणि तिसऱ्यांची (खाडीतल्या खायच्या शिंपल्यांची) स्वच्छ उकळलेली शिंपलं पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. दुसरा धोका नळाच्या पाण्याचा: पावसाळ्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हात सैल सोडून टाकते. पाण्यातला क्लोरीन काढल्याशिवाय एक बादलीही ओतायची नाही.

आणि लाईट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन पट्ट्यातली कित्येक गावं काही आठवडे अंधारात होती. एअर पंप आणि एक फिल्टर इन्व्हर्टरवर नसेल तर मोठा रे घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅटफिश थोडं सोसतो, रे नाही.

मीठ टाकू नका. रे समुद्रातल्या पाकटाचा भाऊबंद असला तरी खारं पाणी झेलण्याची शरीराची सोय तो गमावून बसला आहे. तांबं असलेली औषधं दोघांनाही घातक. काट्याचं मात्र पाकटासारखंच: लागला तर सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्यात तो भाग बुडवा आणि तडक दवाखाना गाठा.

माझा कौल: पहिल्यांदाच रे ठेवणार असाल तर वर्षभर एकटा रे. अनुभव असेल, रेची चकती २५ सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल आणि लाकडाला जागा असेल तर एक लिमा. टायगर रेसोबत नकोच. आवडतोच तर त्याच्यासाठी वेगळं तळं.

काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला ब्लॅक डायमंड रे घेताय तर पावती आणि कागदपत्रं मागाच. ब्राझीलच्या झिंगू नदीतली ही जात २०२२ च्या पनामा परिषदेत साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेली. आणि टायगर आधीच घरात आला असेल, आवाक्याबाहेर वाढला असेल, तर त्याला वाशिष्ठी नदीत किंवा गावच्या तळ्यात सोडायचं नाही. परत घेणारा दुकानदार आत्ताच शोधून ठेवा.