त्रयीचा शेवट बघायचाय: ‘डार्क नाइट राइझेस’ की ‘लोगन’?

तिसरा भाग बघावा का, हा प्रश्न चित्रपटापेक्षा चाहत्यांमुळे जास्त पडतो. पहिले दोन भाग पाहिलेले असतात आणि तिसऱ्याविषयी इतकं काही कानावर आलेलं असतं की बघायला बसायच्या आधीच मत निम्मं तयार असतं. ‘द डार्क नाइट राइझेस’ आणि ‘लोगन’ यांच्या बाबतीत हे फार झालं आहे. एक बॅटमॅनच्या त्रयीचा शेवट, दुसरा ‘एक्स-मेन’मधल्या वुल्व्हरीन ऊर्फ लोगनच्या. पहिल्याचं नाव काढलं की वाद सुरू होतो, दुसऱ्याचं काढलं की सगळे हळवे होतात. माझा दोन्हींवर जीव आहे आणि दोन्ही पुन्हा पुन्हा बघून झाले आहेत. तरी एकच रात्र मोकळी असेल आणि दोन्हींतला एकच निवडायचा असेल, तर मन एका बाजूला झुकतंच. कथा, नटसंच वगैरे तुम्हाला ठाऊक असेल असं धरतो. शेवट मात्र सांगावे लागतील, कारण सगळं भांडण शेवटावरूनच आहे.

‘राइझेस’वर किती ओझं होतं ते आधी आठवावं लागतं. २००८च्या दुसऱ्या भागाने अपेक्षा कुठल्या कुठे नेऊन ठेवल्या होत्या, आणि त्यातला जोकर साकारणारा हीथ लेजर तो प्रदर्शित होण्याआधीच, जानेवारी २००८मध्ये गेला होता. तिसऱ्या भागात जोकरचा साधा उल्लेखही नाही. काहींना त्यात लेजरचा मान राखलेला दिसतो, काहींना कथेत पडलेलं भगदाड. जुलै २०१२मध्ये तर चित्रपट लागायच्या आधीच, प्रतिकूल परीक्षणं लिहिणाऱ्यांना चाहत्यांकडून अशा धमक्या आल्या की ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळाला या चित्रपटाच्या परीक्षणांखालच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. धमक्या देणाऱ्यांनी तोवर चित्रपट पाहिलाही नव्हता. पण प्रेमाची दुसरी तऱ्हाही तेव्हाच दिसली. संगीतकार हान्स झिमरने खलनायक बेनच्या घोषासाठी चाहत्यांकडे आवाज मागितले आणि हजारो जणांनी ते रेकॉर्ड करून पाठवले. तो घोष ऐकताना मला आजही भरून येतं. चाहत्यांना चित्रपटात याहून मानाची जागा मिळालेली मला आठवत नाही.

चाहत्यांच्या तक्रारी मात्र आजही थांबलेल्या नाहीत. शेअर बाजारावरचा हल्ला भरदिवसा होतो आणि पाठलाग बघता बघता रात्रीत शिरतो. शहराचे पोलीस महिनोन्‌महिने जमिनीखाली अडकतात आणि तुळतुळीत दाढी केलेले बाहेर येतात. दुखावलेली पाठ दोराला टांगून घेतल्यावर बरी होते. कफल्लक झालेला ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, वेढा पडलेल्या गॉथम शहरात परत कसा शिरतो, ते कुणी सांगत नाही. हे सगळे आक्षेप खरे आहेत, पण बघताना मला त्यातला एकही टोचत नाही. ब्रूस त्या खड्ड्यातल्या तुरुंगातून वर येतो, मागे जोधपूरचा मेहरानगड दिसतो, संगीत टिपेला पोचलेलं असतं. तेव्हा तो गॉथमला कसा जाणार हे मनातही येत नाही. कॉमिक्स वाचत मोठे झालेल्यांचा राग मला जास्त समजतो. आठ वर्षं मुखवटा टांगून घरात बसलेला माणूस त्यांच्या ओळखीचा बॅटमॅन नव्हेच. इथे दोन्ही बाजू मला पटतात, म्हणून निवाडा करत नाही.

बेनच्या आवाजाचा वाद आता जुना झाला. डिसेंबर २०११मध्ये आयमॅक्सवर सुरुवातीचा प्रसंग दाखवला तेव्हा मुखवट्याआडचं बोलणं कळत नाही अशी ओरड झाली होती. पूर्ण चित्रपटात ते कळतं. उलट घरी बघताना मला तो इतरांपेक्षा जरा जास्तच मोठ्याने बोलतोय असं वाटतं. एवढं चालून जातं.

मला जे खटकतं त्याची चर्चा मी सहसा ऐकत नाही, किंवा ऐकतो ती वेगळ्या अंगाने. हा चित्रपट शेवटी सगळं बोलून दाखवतो. ब्रूसचा विश्वास कमावलेली तालिया त्याच्या कुशीत सुरी खुपसते आणि मग थांबून आपली जन्मकथा सांगते, तीही शहरात बॉम्ब असताना. तरुण पोलीस ब्लेक कोण होणार हे त्याच्या वागण्यातून आपल्याला केव्हाच उमगलेलं असतं, तरी खिडकीतल्या बाईकडून ‘रॉबिन’ हे बॅटमॅनच्या साथीदाराचं नाव मोठ्याने उच्चारून घेतलं जातं. आणि मग फ्लोरेन्समधला तो कॅफे. ब्रूसचा बटलर आल्फ्रेड याने आपलं स्वप्न आधीच सांगितलेलं असतं: एखाद्या दिवशी पलीकडच्या टेबलावर ब्रूस सुखात बसलेला दिसेल, कुणी कुणाशी बोलणार नाही, पण दोघांनाही कळेल. शेवटी आल्फ्रेड तिथे बसतो, मान वर करतो, काहीतरी पाहतो आणि किंचित हसतो. मायकेल केनच्या त्या चेहऱ्यावर सगळं असतं. कॅमेरा तिथेच थांबायला हवा होता. तो वळतो आणि ब्रूस व सेलिना (कॅटवुमन) आपल्याला दाखवून टाकतो.

चाहते इथे भांडतात ते ब्रूस खरंच जिवंत आहे की आल्फ्रेडच्या मनाचा खेळ, यावर. मला त्या वादात अर्थ दिसत नाही, कारण चित्रपटाने तो वाद शिल्लकच ठेवलेला नाही. बॅटमॅनच्या विमानाचा ऑटोपायलट ब्रूसने स्वतःच दुरुस्त केला होता हे त्याची यंत्रं सांभाळणाऱ्या फॉक्सला कळतं, ब्रूसच्या आईची मोत्यांची माळ यादीत सापडत नाही, बॅटमॅनला बोलावायचा गच्चीवरचा दिवा नवा झालेला पोलीस आयुक्त गॉर्डनला दिसतो. एवढे पुरावे हातात दिल्यावर तो शेवटचा चेहरा तरी आमच्यावर सोपवायचा. सात वर्षांत तीन चित्रपट, दर वेळी डोकं चालवून पाहिलेले, आणि नेमक्या निरोपाच्या क्षणी दिग्दर्शकाचा प्रेक्षकावरचा विश्वास डळमळतो. आता चित्रपट कितीही रंगला तरी तो कॅफे जवळ आला की मी अस्वस्थ होतो. दोन तास पंचेचाळीस मिनिटांत हे काही सेकंदांचं दृश्य, तक्रार क्षुल्लक वाटेल हे मान्य आहे. माझ्यापुरता निकाल मात्र तिथेच लागला.

‘लोगन’ने हाच निरोप कसा घेतला ते बघा. मार्च २०१७चा हा चित्रपट. ह्यू जॅकमन २०००पासून ही भूमिका करत होता, म्हणजे चाहत्यांचं वय त्याच्याबरोबर वाढलेलं. इथे तो म्हातारा आहे, जखमा भरत नाहीत, अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि त्याचा वृद्ध गुरू चार्ल्स याला वेळेवर औषध द्यायचं असतं. जगातला सर्वांत बलवान मेंदू आजारी पडला आहे आणि त्याने पूर्वी काहीतरी भयंकर घडवलं आहे. काय घडलं ते दाखवत नाहीत. रेडिओवरची एक बातमी आणि चार्ल्सचा कबुलीजबाब, एवढंच. ते दृश्य हवं होतं असं म्हणणारे चाहते आहेत. मी त्यांच्यातला नाही. चार्ल्सला स्वतःलाच जे धडपणे आठवत नाही ते आपल्याला समोर दिसलं असतं, तर त्याच्या अपराधीपणाची धारच गेली असती.

इथेही खलनायक आपलं तत्त्वज्ञान सांगू लागतो. म्युटंट, म्हणजे जन्मतः अचाट शक्ती असलेली माणसं, कशी संपवली ते डॉक्टर राइस सावकाश समजावू लागतो आणि बोलणं पुरं व्हायच्या आत लोगन त्याला गोळी घालतो. तालियाच्या लांबलचक कहाणीनंतर हा प्रसंग आठवला की दोन चित्रपटांच्या स्वभावातला फरक माझ्यापुरता स्पष्ट होतो.

आणि लोगनची ती कबर. लॉराला स्वतःचे शब्द नाहीत; लोगनच्या जनुकांपासून घडवलेली, प्रयोगशाळेत वाढलेली पोर ती. म्हणून हॉटेलातल्या टीव्हीवर पाहिलेल्या जुन्या वेस्टर्नमधल्या ओळीच ती कबरीपाशी म्हणते. सोबतची मुलं चालू लागतात. ती मागे राहते, क्रॉस उपटते, तिरपा करून पुन्हा रोवते. तो आता ‘एक्स-मेन’चा एक्स झालेला असतो. कुणी त्याचा अर्थ सांगत नाही, संगीतही अंगावर येत नाही. चाहत्यांमध्ये या एका हालचालीवर जवळजवळ एकमत आहे आणि मला त्याचं कारण कळतं: सतरा वर्षं सोबत केलेल्यांना जे कळायचं ते न बोलता कळेल, असं इथे गृहीत धरलं आहे.

‘लोगन’ निर्दोष नाही. एक्स-२४, म्हणजे लोगनचीच तरुण, मुकी, रागीट प्रत, मला पटलेली नाही. माणूस स्वतःशीच लढतोय हे आधीच कळलेलं असताना त्याला खरंच स्वतःच्या प्रतिकृतीशी लढवायची गरज नव्हती. हिंसाही फार आहे, हातपाय तुटतात, लहान मुलीच्या हातून माणसं मरतात. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी माझं ऐकू नये. शिवाय आधीच्या ‘एक्स-मेन’ चित्रपटांच्या कालक्रमाशी याचा मेळ कसा बसतो हे विचारणाऱ्यांना समाधानकारक उत्तर मिळत नाही.

तयारीचं म्हणाल तर ‘राइझेस’ला अभ्यास लागतो. त्याचा धागा दुसऱ्या भागापेक्षा २००५च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’शी जास्त जुळलेला आहे. त्यातला खलनायक, तालियाचा बाप रास अल गुल विसरलात तर तालियाचं प्रकरण हवेत राहतं, म्हणून पहिला भाग ताजा करूनच बसा. ‘लोगन’च्या आधीचे दोन एकल चित्रपट, २००९चा आणि २०१३चा, पाहिले नाहीत तरी चालतं, २००९चा तर मी कुणाला आवर्जून बघा म्हणणार नाही. चार्ल्स आणि लोगन एकमेकांचे कोण, एवढं माहीत असलं की पुरे.

मोठा पडदा, चांगला आवाज आणि सोबत चार माणसं असतील तर ‘राइझेस’ लावा. विमानातला पहिला प्रसंग, बेनबरोबरची गटारातली पहिली लढत, जिथे संगीत थांबतं आणि नुसते ठोसे ऐकू येतात. हे ‘लोगन’मध्ये मिळणार नाही. आणि ज्याने दुसरा भाग डोक्यावर घेतला त्याला ब्रूसचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही, ते योग्यच आहे. पण तुम्ही एकटे असाल, रात्र झाली असेल आणि एखाद्या पात्राला नीट निरोप द्यायची इच्छा असेल, तर ‘लोगन’. माझी निवड बहुतेक वेळा तीच असते.

एक विनंती. २०२४च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरीन’मध्ये जॅकमन परत आला आणि त्याची सुरुवातच लोगनची कबर उकरण्यापासून होते. तो अजून पाहिला नसेल तर आधी ‘लोगन’ बघा आणि मध्ये काही दिवस जाऊ द्या. ‘लोगन’ची कृष्णधवल आवृत्तीही निघाली आहे आणि ती सुंदर आहे, पण पहिल्या वेळी रंगीतच बघा. वाळवंटातली ती धूळ आणि शेवटच्या जंगलातला हिरवा रंग यांतला फरक त्या कथेला लागतो.