बूट कॉटन मिल्स म्युझियम, लॉवेल: लालबागच्या मुलीने पाहिलेली अमेरिकेतली गिरणी

साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, शिरण्याआधी कानात घालायला बोळे मिळतात. लेकीने स्वतःचे घातले, माझ्या हातावर ठेवले. मी ते मुठीतच ठेवले आणि तशीच आत गेले.

माझे बाबा परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. घरी बोलताना ओरडायचे. शेजारचे म्हणायचे, तुमच्याकडे रोज भांडण असतं का? भांडण नव्हतं. त्यांना त्यांचाच आवाज ऐकू यायचा नाही. आमच्या ओठांकडे बघून ते आमचं बोलणं ओळखायचे. आम्ही भावंडं त्यावरून चिडायचो, "बाबा, हळू बोला ना!" बासष्ट वर्षांची झाल्यावर, अमेरिकेत, त्या खात्याच्या मधोमध उभी राहून मला कळलं की हळू बोलणं त्यांच्या हातात नव्हतंच. दोन मिनिटांत डोकं गच्च झालं. पायाखालची जमीन थरथरत होती. मग बोळे घातले.

इथे ८८ माग मांडलेत, ड्रेपर कंपनीचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बनावटीचे. सगळे एकदम चालवत नाहीत, थोडेच चालवतात, तरी ही गत. पट्ट्यांवर फिरणारे, खडखडणारे, खरंखुरं कापड विणणारे माग. आपल्याकडे साधारण दोन साच्यांवर एक माणूस असायचा. हे माग स्वयंचलित, धोट्यातली सुताची कांडी संपली की दुसरी आपोआप बसते, म्हणून एकेका कामगाराच्या अंगावर कितीतरी जास्त माग टाकता आले. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे पळणारा तुकडा. त्याच्या भोकातून तोंडाने सूत ओढून घ्यायची पद्धत जुन्या मागांवर इथेही होती. ओठ लावायचे, श्वास ओढायचा, सूत बाहेर. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला, आणि त्याबरोबर क्षयसुद्धा. बाबांचा तो ओठांचा चंबू करून सुस्कारा ओढायचा आवाज मला आठवला. घरात सुई ओवतानाही ते तसंच करायचे.

मी तिथूनच डोंबिवलीला भावाला व्हिडिओ कॉल लावला. इकडे सकाळचे अकरा, तिकडे रात्रीचे साडेआठ. माझं बोलणं त्याला काही ऐकू गेलं नाही. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि फक्त म्हणाला, "साचे."

आता जागेबद्दल. लॉवेल हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव, बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलने पाऊण तासाच्या आसपास. मेरीमॅक नदी इथे पॉटकेट धबधब्यावर सुमारे ३२ फूट खाली उतरते. त्या पाण्याच्या जोरावर गिरण्या चालवायच्या म्हणून १८२०च्या दशकात शेताच्या जागी हे शहर उभं केलं. बूट मिल्स १८३५ची, लॉवेल वसवणाऱ्या कारभाऱ्यांपैकी कर्क बूट याच्या नावाची. ती १९५०च्या दशकात बंद पडली. १९७८ मध्ये सरकारने गिरण्या, कालवे, घड्याळाचा मनोरा, सगळ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. वरच्या मजल्यावर या सगळ्याचा इतिहास मांडलाय, तो सावकाश वाचण्यासारखा आहे. कापूस कुठून यायचा हे तिथे लपवलेलं नाही. दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस इथे यायचा, आणि इथलंच जाडंभरडं कापड परत त्या गुलामांच्या अंगावर जायचं. १८६१ ते ६५च्या यादवी युद्धात तो कापूस अडला आणि इथल्या कामगारांना घरी बसवलं. त्याच वर्षांत मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विलायतेला जात होता. म्हणजे या गावाची आणि आपल्या गावाची गाठ माझ्या आजोबांच्याही आधीची आहे.

पण मला सांगायचंय ते खानावळीबद्दल. गिरणीपासून दोन पावलांवर मोगन सेंटर आहे. गिरणी बघून लोक तसेच निघून जातात, तसं करू नका. कंपनीच्या जुन्या बोर्डिंग हाऊसमध्ये स्वयंपाकघर, जेवणाचं लांब टेबल, घर सांभाळणाऱ्या बाईची खोली, मुलींची झोपायची खोली जशीच्या तशी उभी केलीय. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, शेतकऱ्यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या पोरी इथे कामाला येत. आठवड्याला सरासरी ७३ तास काम. एका खोलीत चौघी-सहाजणी, एका पलंगावर दोघी. रात्री दहाला दार बंद. जेवायला सुट्टी जेमतेम अर्धा-पाऊण तास, त्यातच धावत घरी यायचं, गिळायचं आणि घंटा व्हायच्या आत परत जायचं. सांभाळणारी बाई बहुधा विधवा असायची.

माझी आई लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायची. पहाटे तीनला स्टोव्ह पेटायचा, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी डबे तयार. कोकणातून एकटे आलेले पंचवीस-तीस गडी तिला मावशी म्हणायचे. म्हणून त्या टेबलासमोर मी बराच वेळ उभी होते. ताटं मांडलेली, खुर्च्या अगदी चिकटून. कोपरं लागत असणार एकमेकींना. वाढणारीला पाठीमागून वाट किती अरुंद, हे मी डोळ्यांनी मोजलं. फरक एवढाच की आईची खोली आईची होती. इथे घर कंपनीचं, आणि जेवणाचे पैसेही पगारातून कापून घ्यायचे.

त्या फरकाची किंमत काय, हे हॅरिएट हॅन्सन हिच्या गोष्टीत कळतं. तिची आई विधवा, लॉवेलमध्ये बोर्डिंग हाऊस चालवायची. हॅरिएट दहाव्या वर्षी गिरणीत भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावायच्या कामाला लागली, आपल्याकडच्या डाफर पोरांसारखी. १८३६ मध्ये कंपन्यांनी जेवणाखाणाचे पैसे वाढवले, म्हणजे पगारच कापला, आणि पोरींनी काम बंद केलं. अकरा वर्षांची हॅरिएट तिच्या खात्यातून सगळ्यांच्या पुढे चालत बाहेर पडली. शिक्षा तिच्या आईला झाली. मोठ्या मुलींना तू अडवू शकत नव्हतीस, पण ही तर तुझीच पोर, असं म्हणून कंपनीने आईचं बोर्डिंग हाऊस काढून घेतलं. हे हॅरिएटने पुढे म्हातारपणी स्वतः लिहून ठेवलंय.

१८ जानेवारी १९८२ला आपला, मुंबईच्या गिरण्यांचा, संप सुरू झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आईने कुणाचंही ताट थांबवलं नाही. वहीत नावं वाढत गेली. उधारी फिटेना, रेशन भरेना, एकेक गडी ट्रंक उचलून गावी गेला. पुढच्या वर्षी खानावळ बंद झाली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. चौदा नावांपुढचे आकडे तसेच आहेत. आईने एकावरही रेघ मारली नाही, की कुणाला पत्र टाकून पैसे मागितले नाहीत.

मोगन सेंटरमध्येच नंतर आलेल्यांचीही खोली आहे. कालवे खणणारे आयरिश मजूर १८२२ पासूनचे. आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर आयरिश लोंढे वाढले आणि न्यू इंग्लंडच्या यांकी पोरींच्या जागी तेच गिरणीत उभे राहिले. मग फ्रेंच कॅनडियन, ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज. ज्याला गरज जास्त, त्याला पगार कमी. १९८०च्या दशकात कंबोडियातून जीव वाचवून आलेले लोक. आज गावात कंबोडियन हॉटेलं आहेत. आम्ही एकात नूडल्सचं गरम सूप प्यायलो. वाढणारी मुलगी लेकीच्या वयाची होती आणि गल्ल्यावर तिची आई.

ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं त्यांनी त्या माणसाला, तो असेल तर, इथे जरूर आणावं. निदान तीन तास काढून या. उन्हाळ्यात कालव्यातून बोटीची फेरी असते आणि जुनी ट्रॉलीही, तिचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. आमच्या गिरणीच्या जागी आता काचेची इमारत आहे आणि पोरांना दाखवायला फक्त धुराडं उरलंय. इथे मला आवाज दाखवता आला. लेक बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, आजोबा आयुष्यभर यात होते?" मी मान हलवली. मलाही तोवर माहीत नव्हतं.

दुकानात याच मागांवर विणलेले टॉवेल मिळतात. मी तीन घेतले. घडी उघडून आधी किनार अंगठ्याखालून फिरवली, बाबा फिरवायचे तशी. कुठे धागा सुटलेला नव्हता.