वापरलेली कॅमेरा बॉडी घेताना झालेली १,१२,००० रुपयांची फसवणूक

इमारतींच्या फोटोंना ४२ मेगापिक्सेलची चैन कशाला, असे विचारणाऱ्यांनी घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या टॉवरच्या कललेल्या रेषा संगणकावर एकदा सरळ करून पाहाव्यात. चौकटीचा बराच भाग कापला जातो आणि उरलेल्यातूनच वास्तुविशारदाला मोठी छपाई हवी असते. फोटो काढतानाच या रेषा सरळ ठेवणारी शिफ्ट लेन्स परवडत नसल्याने मी सोनीची वापरलेली ए७आर ३ शोधत होतो. नवी मुंबईतल्या एका विक्रेत्याला मी १,१२,००० रुपये दिले: यूपीआयने १,००,०००, कारण दिवसाची मर्यादा तेवढीच, आणि १२,००० रोख, ज्यांचा आज कुठेही पुरावा नाही.

मिळाली ती समोरचे नाव बदललेली साधी ए७ ३, २४ मेगापिक्सेलची. दोन्ही बॉडींची ठेवण जवळपास एकच आहे, त्यामुळे ‘हातात घेऊन कळले कसे नाही’ हे मला कोणी विचारू नये. विक्रेत्याने आधी पाठवलेल्या नमुना फोटोंच्या फाइल्स खऱ्या ए७आर ३च्याच होत्या, पण दुसऱ्या कॅमेऱ्यातल्या.

डोक्यातून जात नाही तो क्षण आम्ही व्यवहाराला भेटलो त्या कॅफेतला. मेनूत चित्राच्या आकारापुढे ‘२४एम’ दिसले, मी विचारले, आणि तो शांतपणे म्हणाला, “साहेब, क्रॉप मोड चालू राहिलाय.” क्रॉप मोडमध्ये, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला की, ४२चे १८ होतात, २४ कधीच नाही, हे मला पाठ आहे, पण त्याच वेळी तो फुकट दिलेल्या एल-प्लेटचे, म्हणजे ट्रायपॉडसाठी बॉडीला खालून लावायच्या पट्टीचे, कौतुक ऐकवत होता, आणि त्या प्लेटनेच मॉडेलचे नाव असलेला बॉडीचा तळ झाकलेला होता. विकणारा कितीही कुरकुरला तरी ती काढायला लावा. स्वतःचे कार्ड घालून फोटो काढा आणि पैसे देण्याआधी लॅपटॉपवर उघडा: मॉडेल आयएलसीई-७आरएम३ हवे, माझ्या फाइलवर आयएलसीई-७एम३ आहे; लांबी ७९५२ पिक्सेल हवी, ६००० नव्हे.

आमच्या भागातील पोलीस ठाण्यात सांगितले की व्यवहार खाडीपलीकडे नवी मुंबईत झाला, तिकडे जा. तिकडे सांगितले की तुम्ही ठाण्याचे रहिवासी, शिवाय हा दिवाणी वाद आहे. यूपीआय म्हणजे सायबर, असे एका टेबलाचे मत. समोरासमोर भेटलात म्हणजे सायबर नाही, असे शेजारच्या टेबलाचे. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) आणि हद्द कोणतीही असली तरी माहिती देता येते असे सांगणारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ मी छापून नेले, तेव्हा उत्तर मिळाले, “वकील आहात का?” बँकेने तर पैसे तुम्हीच पाठवलेत म्हणून हात झटकले. तक्रार देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. माझा पहिला अर्ज त्यांना आता सापडत नाही.