गडावरच्या टाक्याचं पाणी: उकळावं, गाळावं की क्लोरीन टाकावं?

शनिवार-रविवारी राजगडाच्या पद्मावती माचीवर किंवा हरिश्चंद्रगडाच्या मंदिराजवळ केवढी गर्दी असते, हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे. टाक्यांच्या आसपासच भांडी घासली जातात, गुरं-माकडं फिरतात, माणसं आडोसा शोधतात, आणि पहिल्या पावसात ते सगळं उतारावरून पाण्यात येतं. त्यामुळे पाणी थंडगार नितळ दिसलं तरी ते तसंच तोंडाला लावू नका.

हल्ली बहुतेक जण पोकळ तंतूंचा छोटा फिल्टर घेतात. सॉयर किंवा लाइफस्ट्रॉ ही नावं ट्रेकर मंडळींच्या ओळखीची झाली आहेत. वजन नगण्य, पाणी लगेच पिता येतं, चवही बिघडत नाही. त्याची छिद्रं ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. जुलाब-हगवणीचे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यात अडकतात. पण कावीळ करणारा हेपटायटिस ए चा विषाणू साधारण ०.०३ मायक्रॉनचा, म्हणजे तो सरळ पार होतो. हेपटायटिस ई आणि रोटाव्हायरसचंही तेच. हे फिल्टर ज्या अमेरिकी पायवाटांवर नावाजले गेले, तिथे वस्ती विरळ आणि पाण्यात विषाणूंचा धोका कमी. आपल्या गडांवर माणसांची विष्ठा पाण्याच्या जवळ असते. म्हणून इथे नुसत्या फिल्टरवर विसंबणं मला पटत नाही.

क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब याच्या बरोबर उलटे. जिवाणू आणि विषाणू त्याने मरतात, जिआर्डियाला जास्त वेळ लागतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाही. खर्च सगळ्यात कमी. मात्र गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर वाचाच, कारण एक लिटरची आणि वीस लिटरची गोळी दिसायला सारखीच असू शकते. निदान अर्धा तास थांबायचं, डिसेंबरच्या गार पाण्यात त्याहून जास्त. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी पाणी निवळू द्या, तुरटी फिरवा, चार पदरी कापडातून गाळा. आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते: बाटलीचं झाकण थोडं सैल करून, बाटली कलती धरून, क्लोरीनचं पाणी आट्यांवरून वाहू द्या. नाहीतर आट्यांत राहिलेलं टाक्याचं पाणी तसंच ओठांना लागतं.

उकळण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. जिवाणू, विषाणू, परजीवी, सगळेच मरतात. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. १६४६ मीटरच्या कळसूबाईवरही एवढंच, कारण वेळ वाढवावा लागतो तो २००० मीटरच्या वर. तिथे तीन मिनिटं. दहा-पंधरा मिनिटं उकळत ठेवून गॅस जाळण्यात काही हशील नाही. अडचण वेगळीच आहे. पाणी निवायला वेळ लागतो, माणशी तीन-चार लिटर उकळायचं तर गॅसचा डबा लवकर संपतो, आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांवर चूल धरत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर चूल पेटवूच नये. रात्री स्वयंपाक होणारच असेल, तर त्याच शेगडीवर उद्याचं पाणी उकळून झाकून ठेवणं सोयीचं.

अतिनील किरणांचा पेन मी यादीत घेत नाही. नितळ पाण्यात तो तिन्ही प्रकारच्या जंतूंवर काम करतो, पण पाणी गढूळ असलं किंवा बॅटरी संपली की उपयोग शून्य.

तर घ्यायचं काय? वर्षभर सह्याद्रीत फिरणाऱ्याने फिल्टर आणि क्लोरीन ही जोडी घ्यावी: आधी गाळायचं, मग त्याच बाटलीत गोळी. एकाने सोडलेलं दुसरं धरतं. वर्षातून एखादाच ट्रेक करणाऱ्याने फिल्टरवर पैसे घालू नयेत. एका दिवसाच्या चढाईला घरूनच तीन-चार लिटर पाणी न्यावं आणि सॅकमध्ये गोळ्यांचं पाकीट असू द्यावं. लहान मूल किंवा गरोदर बाई सोबत असेल तर उकळलेलंच पाणी, कारण हेपटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेतू शकतो.

पायथ्याच्या भातखाचरांतून, फवारणी केलेल्या शेतांतून आलेलं पाणी मात्र यातल्या कुठल्याच उपायाने पिण्याजोगं होत नाही. उकळून औषधं जात नाहीत, फिल्टर ती अडवत नाही. तिथे गावातल्या घरी पाणी मागून घ्या. आणि हाच फिल्टर हिमालयात नेणार असाल तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये जवळ घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की तंतू तडकतात, ते बाहेरून दिसत नाही, आणि तो फिल्टर मग टाकूनच द्यावा लागतो.