गावातलीच व्यक्ती समुपदेशक होते तेव्हा: अलास्का विद्यापीठाच्या ‘ग्रामीण मानवसेवा’ अभ्यासक्रमाचे परीक्षण

अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स शाखेत ‘ग्रामीण मानवसेवा’ नावाचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. दुर्गम मूळनिवासी गावांत राहणाऱ्या, बहुतेक वेळा आधीपासूनच कुठल्या ना कुठल्या सेवाकार्यात असलेल्या माणसांना व्यसनमुक्ती, समुपदेशन, कुटुंबकार्य आणि संकटकाळातील मदत यांचे शिक्षण देऊन त्यांच्याच गावात कामाला उभे करणे हा त्याचा हेतू आहे. मी अलास्कात समाजकार्याच्या क्षेत्रात नोकरी करते, या अभ्यासक्रमातून तयार झालेल्या समुपदेशकांबरोबर काम केले आहे आणि पाहुणी म्हणून त्याच्या काही वर्गांनाही बसले आहे. मेळघाट, गडचिरोली आणि नंदुरबार भागांत कार्यकर्त्यांची प्रशिक्षणे घेणारी ओळखीची मंडळी या अभ्यासक्रमाबद्दल वरचेवर विचारत असतात. त्यांच्यासाठी आणि परदेशात समाजकार्य शिकू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: गावपातळीवरील कार्यकर्ता घडवण्याचा इतका विचारपूर्वक रचलेला दुसरा अभ्यासक्रम मी पाहिलेला नाही, मात्र प्रमाणपत्र हाती पडल्यानंतरची व्यवस्था त्याच्या तोडीची नाही.

अशा प्रशिक्षणाची गरज का पडली, हे अलास्काचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्राच्या पाचपटींहून मोठ्या या राज्यात 2020 च्या जनगणनेनुसार साडेसात लाखांपेक्षाही कमी लोक राहतात. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मान्यता दिलेल्या 229 मूळनिवासी जमाती येथे आहेत आणि युपिक, इन्युपियाक, अथाबास्कन अशा समाजांची बहुसंख्य गावे काही शे वस्तीची आहेत. त्यांतल्या बहुतेकांना रस्ताच नाही. उन्हाळ्यात नदीतून होडीने, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून स्नोमशीन या बर्फावर चालणाऱ्या गाडीने आणि एरवी छोट्या विमानाने तेथे पोहोचावे लागते. कुस्कोक्विम नदीवरील बेथेल हे त्या पट्ट्याचे मुख्य ठाणे, पण तेही बाकीच्या राज्याशी रस्त्याने जोडलेले नाही. अशा ठिकाणी शहरातून नेमलेला समुपदेशक आला, तरी लोकांची नावे आणि नाती त्याच्या तोंडी बसेपर्यंत त्याची बदलीची तयारी झालेली असते. इकडे गावात दारूचे आणि आत्महत्यांचे दुःख घरोघरी पोहोचलेले असते. त्याची मुळे जुनी आहेत: 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ओस पडलेल्या वस्त्या, नंतरचा क्षयरोग आणि मुलांना आईवडिलांपासून दूर वसतिगृहाच्या शाळांत पाठवण्याची पद्धत. गावातच माध्यमिक शाळा हवी म्हणून लढला गेलेला मॉली हूच या विद्यार्थिनीच्या नावाने ओळखला जाणारा खटला 1976 मध्ये तडजोडीने मिटला, तेव्हा कुठे गावोगावी अशा शाळा उभ्या राहू लागल्या. म्हणजे आज गावात आजी-आजोबा असलेल्या पिढीतील कित्येकांचे किशोरवय घरापासून शेकडो मैल लांब गेले आहे.

गावातल्याच माणसाला शिकवून उभे करण्याची परंपरा अलास्कात नवी नाही. 1950 च्या दशकात क्षयाची औषधे नियमित दिली जावीत म्हणून गावातले स्वयंसेवक निवडले गेले. त्यातूनच पुढे सामुदायिक आरोग्य सहायकांची योजना आकाराला आली आणि 1968 मध्ये तिला संघराज्य सरकारचा निधी मिळू लागला. हे सहायक काही आठवड्यांच्या चार सत्रांत शिकतात आणि एका सविस्तर मार्गदर्शिकेच्या आधाराने, दूरच्या डॉक्टरांशी बोलून उपचार करतात. दातांच्या बाबतीत मात्र हाच विचार स्वीकारला जायला झगडावे लागले. 2003 मध्ये काही अलास्कावासी तरुणांना दंतोपचार शिकण्यासाठी न्यूझीलंडला पाठवले, कारण अमेरिकेत तसे शिक्षण उपलब्धच नव्हते. ते परतून कामाला लागल्यावर दंतवैद्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि 2007 मध्ये तो वाद मिटला. बाहेरचा पदवीधर येत नाही आणि गावातला शिकलेला माणूस चालत नाही, या कात्रीत गावांनी किती काळ राहायचे, हा प्रश्न त्या लढ्याने ऐरणीवर आणला. ग्रामीण मानवसेवेचा अभ्यासक्रम मनाच्या आरोग्याच्या क्षेत्रात त्याच प्रश्नाला भिडतो.

या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांचा एक गट एकत्र प्रवेश घेतो आणि एकत्रच पुढे सरकतो. नोकरी आणि घर न सोडता शिकता यावे म्हणून वर्ग सलग आठवडाभराच्या सत्रांत घेतले जातात. विद्यार्थी आपापल्या गावांहून एका ठिकाणी जमतात, आठवडा संपला की परततात आणि शिकलेले कामात वापरून पुढच्या सत्राला येतात. व्यसनाधीनतेची ओळख, कुटुंबव्यवस्था, समुपदेशन, गटकार्य, दुःख आणि त्यातून सावरणे, दोन संस्कृतींमध्ये पूल बांधण्याची कौशल्ये आणि प्रत्यक्ष काम असे विषय त्यात आहेत. कागदावर ही यादी कोणत्याही समाजकार्य महाविद्यालयाच्या यादीपेक्षा फार निराळी दिसणार नाही. निराळेपण आहे ते वर्गात कोण बसते यात.

प्रत्येक वर्गात समाजातील वडीलधारी मंडळी उपस्थित असतात. सत्काराचा स्वीकार करून निघून जाणारे पाहुणे म्हणून त्यांना बोलावलेले नसते. प्राध्यापकांइतकेच तेही शिकवतात. मी बसले त्या वर्गात खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. बाजूच्या टेबलावर सुकवलेला सामन मासा आणि चरबीत घोटलेल्या बेरीफळांचे वाडगे होते आणि सकाळची सुरुवात एकेकाने आपले म्हणणे मांडण्याने झाली. ज्याची पाळी असेल त्याने हवा तेवढा वेळ घ्यायचा, मध्ये कोणी बोलायचे नाही, प्रश्न विचारायचा नाही. प्राध्यापिकेने संकटकाळातील हस्तक्षेपाची पाठ्यपुस्तकातली पायरी सांगितली, तेव्हा शेजारच्या आजींनी काही क्षण थांबून, कोणी मेले असता त्यांच्या गावात पहिल्या रात्री कोण कोणाच्या घरी बसायला जाते आणि चूल कोण सांभाळते, एवढेच सांगितले. पुढचा तासभर वर्ग या दोन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहत होता. मला यात या अभ्यासक्रमाचा कणा दिसला: विद्यापीठाचे ज्ञान आणि गावाचे ज्ञान येथे एकाच फळ्यावर येते आणि कोणते कुठे कामी येईल हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या दुःखाला अभ्यासक्रमात दिलेली जागा. येथे शिकायला येणाऱ्यांनी भाऊ गमावलेला असतो, पुतण्या गमावलेला असतो, कित्येकांनी स्वतः दारू सोडलेली असते. या माणसांना ‘आपले खासगी आयुष्य दाराबाहेर ठेवा’ असे सांगणे निरर्थक आहे, कारण गावात परतल्यावर त्यांच्यासमोर येणारे दुःख पुष्कळदा त्यांच्या घरचेच असते. स्वतःचे घाव ओळखल्याशिवाय दुसऱ्याच्या घावाजवळ बसता येत नाही, या धारणेने दुःखावरचा विषय शिकवला जातो. काही विद्यार्थ्यांना हे झेपत नाही आणि ते मध्येच थांबतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. तरीही मी हा भाग काढून टाका असे म्हणणार नाही.

नात्यांचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे आणि त्याला आणखी वेळ द्यायला हवा होता असे माझे मत आहे. समुपदेशनाच्या मुख्य प्रवाहातील आचारसंहिता सांगते की नातेवाइकांना किंवा मित्रांना सेवाग्राही म्हणून घेऊ नये. तीनशे वस्तीच्या गावात हा नियम शब्दशः पाळायचा म्हटला तर समुपदेशकाला कोणालाच भेटता येणार नाही. शिवाय गोपनीयतेचे काय करायचे? दवाखान्याबाहेर कोणाची स्नोमशीन उभी आहे हे खिडकीतून सगळ्या गावाला दिसते, आणि घराघरांत चालू असलेल्या, एकमेकांशी बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओवर उच्चारलेले वाक्य शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाते. वर्गात या विषयावर मोकळी चर्चा होते आणि विद्यार्थी एकमेकांना व्यवहारी उपायही सुचवतात: माशांच्या तळावर काम करता करता बोलणे, लाकडे आणायला सोबत जाणे, चुलतभावाचा प्रसंग शेजारच्या गावातील सहकाऱ्याकडे सोपवणे. पण या उपायांना लेखी आचारसंहितेत मानाचे स्थान मिळत नाही, तोवर वरिष्ठांनी नियमावर बोट ठेवले की गावातला समुपदेशक एकटा पडतो.

येथील शिक्षण विद्यापीठाच्या श्रेयांकांत (क्रेडिट्समध्ये) मोजले जाते, ही माझ्या दृष्टीने अभ्यासक्रमाची सर्वांत दूरगामी बाजू आहे. प्रमाणपत्रानंतर मानवसेवेची सहयोगी पदवी (पूर्ण पदवीच्या आधीची पायरी) आणि तिच्यापुढे समाजकार्याची पदवी असा जिना त्याच विद्यापीठात आहे. जमातींच्या आरोग्यसंस्थांत ‘वर्तन आरोग्य सहायक’ (मनाचे आरोग्य आणि व्यसनमुक्ती यांत मदत करणारे कार्यकर्ते) म्हणून ज्या चढत्या पायऱ्यांचे प्रमाणीकरण होते, तेथेही या शिक्षणाचा उपयोग होतो. आपल्याकडे याच जागी मोठी फट आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने आरोग्यदूतांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू किती कमी करता येतात हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगाला दाखवले, जामखेडला 1970 पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांनी आरोग्याचे काम करून दाखवले, आणि 2005 नंतर आशा कार्यकर्त्या देशभर उभ्या राहिल्या. कामाच्या बाबतीत या स्त्रिया कुठेच कमी नाहीत. तरीही वर्षानुवर्षे प्रशिक्षणे घेतलेल्या आशाताईला त्यांच्या बळावर थेट पदवीच्या वर्गात पाऊल टाकता येत नाही. अनुभवाला श्रेयांक जोडण्याचे हे काम आपल्या विद्यापीठांनी हाती घेतलेच पाहिजे.

आता उणिवा. सत्रासाठी गाव सोडायचे म्हणजे मुलांची सोय करायची, मासेमारीच्या किंवा शिकारीच्या हंगामातले दिवस गमवायचे आणि हवामान बिघडले की विमानतळावर अडकून पडायचे. खर्चाला अनुदानाचा आधार असला तरी हा भार उरतोच. ऑनलाइन वर्ग हा त्यावरचा सोपा उपाय वाटेल, पण गोलात बसून होणारे शिक्षण पडद्यावर तसेच उतरत नाही आणि गावांतले इंटरनेटही भरवशाचे नसते. खरी अडचण प्रमाणपत्रानंतर सुरू होते. पर्यवेक्षक मोठ्या ठाण्याच्या गावी, बहुधा फोनवर. समुपदेशक गावात एकटी. कामाचे तास संपले तरी दारावर थाप पडणारच. आणि वर नोंदींचा व देयकांचा कागदी पसारा, ज्याची भाषा गोलातल्या भाषेहून अगदी वेगळी. थकून काम सोडणारे अनेक आहेत. वर्गात जमलेला गट पुढेही नियमित भेटत राहावा यासाठी निधी आणि वेळ राखून ठेवायला हवा, कारण त्या माणसांना एकमेकांखेरीज कोणी समव्यवसायी नसतो.

महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याने हे प्रमाणपत्र घेण्याचा विचार करू नये. ते अलास्काच्या गावांसाठी आहे आणि त्या वर्गातील जागा त्यांच्याच आहेत. आदिवासी भागांत प्रशिक्षण चालवणाऱ्या संस्थांनी मात्र त्याची रचना बारकाईने अभ्यासावी. वडीलधाऱ्यांना उद्घाटनाला बोलावून थांबू नये. त्यांच्या पूर्ण वेळेच्या उपस्थितीचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावे, आणि प्रशिक्षणानंतरची किमान दोन वर्षे गट पुन्हा पुन्हा एकत्र आणण्याचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात मांडावा.